काचेवर थर खरंच बसतायत की नाही, कसं ओळखायचं? (पॉलीडॅडमॅक, पीएसएस आणि सोन्याचे कण)

इचलकरंजीकर_२३

नमस्कार. मी एमएस्सी केमिस्ट्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्ट आहे थरावर थर पद्धतीने पातळ फिल्म बनवण्याचा. काचपट्टी आधी धनभारित पॉलिमरमध्ये बुडवायची, धुवायची, मग ऋणभारित पॉलिमरमध्ये, पुन्हा धुवायची, असं करत वर चढत जायचं आणि शेवटी त्यावर सोन्याचे नॅनोकण बसवायचे. वाचताना सोपं वाटलं होतं. सहा आठवडे झाले, दाखवण्यासारखी एकही पट्टी हातात नाही. म्हणून सगळं सविस्तर लिहितोय, एखादी बारीक गोष्ट राहून जायला नको.

धनभाराला पॉलीडॅडमॅक, २० टक्क्यांचं पाकासारखं द्रावण मिळतं ते. ऋणभाराला पीएसएस, पांढरी पावडर, रेणुभार ७०,०००. दोन्ही १ मिलिग्रॅम प्रति मिली केलेत: १०० मिली पाण्यात ०.१ ग्रॅम. मीठ वगैरे काही घातलेलं नाही. पट्टी म्हणजे मायक्रोस्कोपची नेहमीची काच, साबणाने धुऊन ॲसिटोनने पुसलेली. प्रत्येक द्रावणात १० मिनिटं, मधे एका मोठ्या बीकरमध्ये डिस्टिल्ड वॉटरने धुणं, मग हेअर ड्रायरने सुकवणं. असे २० जोड. एका पट्टीला जवळपास आठ तास जातात.

अडचणी अशा. पीएसएस २२५ नॅनोमीटरला शोषण दाखवतं असं वाचलंय, म्हणून दर पाच जोडांनंतर यूव्ही मशीनवर (कुठला प्रकाश किती शोषला जातो ते मोजणारं) रीडिंग घेतो. आकडा वाढतच नाही. ३.१, ३.८, ३.४, असा कुठेही उडतो. मशीन आम्हाला फक्त मंगळवारी मिळतं, त्यामुळे प्रत्येक चूक कळायला एक आठवडा जातो. दुसरं, बारा-तेरा जोडांनंतर काचेवर पांढुरकी साय धरल्यासारखं दिसतं, बोटाने पुसलं तर निघतं. तिसरं सगळ्यात वाईट: सोन्याचं द्रावण सायट्रेटने बनवलं होतं, सुंदर वाइनसारखं लाल. त्यात पट्टी बुडवली, १० मिनिटांनी काढली, काचेवर नावापुरती गुलाबी झाक. आणि दोन पट्ट्यांनंतर बीकरमधलं सोनंच जांभळं पडलं, दुसऱ्या दिवशी तळाला काळा गाळ. क्लोरोऑरिक ॲसिड, ज्यापासून हे कण बनवतात ते, किती महाग असतं तुम्हाला माहीतच आहे. आता अर्धा ग्रॅमसुद्धा शिल्लक नाही.

काच नीट साफ नसेल, पिरान्हाने (सल्फ्युरिक ॲसिड आणि हायड्रोजन पेरॉक्साइडचं मिश्रण) धुऊन बघ असं एका सीनियरने सुचवलंय. करू का?


गाळणकागद

बाकीचं जाणकार सांगतील, मी एवढंच विचारतो. २२५ ला रीडिंग घेताना पट्टी साध्या काचेचीच होती का? आणि रेफरन्सला काय ठेवलं होतं?


इचलकरंजीकर_२३

हो, साधीच. रेफरन्सला तशीच कोरी पट्टी.


गाळणकागद

मग आकडा वाढणार कसा? साधी सोडा लाइम काच साधारण ३०० नॅनोमीटरच्या खाली प्रकाश जवळजवळ अडवूनच धरते. २२५ ला तुमच्या नमुन्यातूनही काही पलीकडे जात नाही आणि कोऱ्या पट्टीतूनही नाही. डिटेक्टरपाशी अंधार, आणि अंधाराला अंधाराने भागून जे येतं ते ३.१ नाहीतर ३.८. त्या आकड्याचा तुमच्या फिल्मशी काही संबंध नाही. क्वार्ट्झची पट्टी लागेल.


ओलीकाच

वरचं उत्तर अगदी बरोबर आहे, आणि त्याचा अर्थ नीट लक्षात घ्या: सहा आठवडे तुमच्या काचेवर थर बसत नव्हते असं अजून कशानेही सिद्ध झालेलं नाही. बहुतेक बसत होते. तुम्ही ज्या खिडकीतून बघत होता ती बंद होती.

मी पीएचडीची पाच वर्षं हेच केलं, आता ठाण्याजवळ कोटिंगच्या कामात आहे. आजही रोज काही ना काही बुडवून काढते, त्यामुळे तुमची पोस्ट वाचून राहवलं नाही. एकेक घेते.

आधी धुणं, कारण तुमची साय आणि तुमचं गेलेलं सोनं, दोन्ही तिथूनच आलंय. तुम्ही लिहिलंय "एका मोठ्या बीकरमध्ये". म्हणजे पॉलीडॅडमॅकमधून काढलेली पट्टी आणि पीएसएसमधून काढलेली पट्टी एकाच पाण्यात खळबळली. दोन-तीन जोडांनंतर त्या पाण्यात दोन्ही पॉलिमर असतात. ते एकमेकांना भेटले की तिथल्या तिथे गुंता होतो, पांढरे बारीक कण तयार होतात आणि पुढची पट्टी त्यातून वर येताना ते अंगावर घेऊन येते. बोटाने पुसलं जातं ते हेच. खरी फिल्म बोटाने अशी निघत नाही.

धनाच्या बाजूला तीन बीकर आणि ऋणाच्या बाजूला तीन, असे सहा ठेवा. प्रत्येकात एक मिनिट, पट्टी हलवत. दर चार-पाच जोडांनी पाणी बदला, निदान पहिल्या बीकरचं तरी. बीकरवर मार्करने मोठं लिहा, संध्याकाळी सातनंतर हात चुकतो. या पद्धतीत बुडवण्याइतकंच धुण्याला महत्त्व आहे. बुडवताना थर आपोआप बसतो, कारण पृष्ठभाग जेवढा भार मागतो त्याहून थोडा जास्तच भार येऊन चिकटतो, पृष्ठभागाचं चिन्ह उलटतं आणि मग त्याच भाराची पुढची साखळी ढकलली जाते. थर स्वतःच थांबतो. पण नुसतं पट्टीवरच्या पाण्यासोबत आलेलं, न चिकटलेलं पॉलिमर तसंच पुढच्या बीकरमध्ये गेलं, तर या स्वतःच थांबण्याचा काही उपयोग राहत नाही.

सोन्याचं तसंच झालं. पॉलीडॅडमॅक कशासाठी विकलं जातं माहीत आहे का? पाणी शुद्धीकरणात. नदीच्या पाण्यातल्या मातीच्या कणांवर ऋणभार असतो म्हणून ते एकमेकांपासून लांब राहतात आणि पाणी गढूळ दिसतं. धनभारित साखळी टाकली की कण तिला धरून गोळा होतात आणि खाली बसतात. आपल्याकडे तुरटी फिरवतात ना, त्याच कुळातलं काम. तुमच्या सायट्रेट सोन्याच्या कणांवरही ऋणभारच आहे. नीट न धुतलेल्या पट्टीबरोबर पॉलीडॅडमॅकचे दोन थेंब आत गेले आणि तुम्ही सोन्याला तुरटी फिरवली. लाल रंग हा सुट्या कणांचा, ५२० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश शोषल्यामुळे दिसणारा. कण जवळ आले की तो शोषणपट्टा लांब तरंगलांबीकडे सरकतो, द्रावण जांभळं-निळं दिसतं आणि मग काळा गाळ. म्हणून सोन्याआधीचं धुणं सगळ्यात कडक. आणि पूर्ण साठा कधीही बीकरमध्ये ओतू नका. पट्टी जेमतेम बुडेल एवढंच उंच अरुंद नळीत घ्या. बिघडलं तर तेवढंच बिघडेल.

गुलाबी झाक फिकी का, याचा हिशेब मी एकदा कागदावर केला होता. तो तुम्हीही करून बघा, फार शिकवतो. १५ नॅनोमीटरचा कण पाण्यात १० मिनिटांत सरासरी ०.२ मिलीमीटर भटकतो. म्हणजे काचेला लागून असलेल्या तेवढ्याशा पाण्यातलेच कण तिच्यापर्यंत पोचू शकतात. पाव मिलिमोलर सोन्यापासून केलेल्या द्रावणात कणांची संख्या सुमारे २.४ नॅनोमोलर पडते, कारण एकेका कणात लाखभर अणू असतात. काचेचा ३० टक्के भाग झाकायला जेवढे कण लागतात, त्याच्या सहाव्या-सातव्या हिश्शाइतकेच त्या ०.२ मिलीमीटरमध्ये आहेत. आणि अंतर वेळेच्या वर्गमुळाने वाढतं, म्हणून सातपट कणांसाठी वेळ पन्नासपट. रात्रभर ठेवा, सकाळी काढा. वरून झाकण, पाणी उडायला नको. सोन्याच्या द्रावणात मीठ मात्र चिमूटभरही नको.

पॉलिमरच्या द्रावणात उलट मीठ हवंच. तुमच्याकडे ते नाही, म्हणून तुमचे थर बसत असले तरी फार पातळ असणार. मिठाशिवाय साखळीवरचे भार एकमेकांना ढकलतात, साखळी ताठ होते आणि काचेवर सपाट आडवी पडते. मिठाने ते ढकलणं मंदावतं, साखळी गुंडाळते, गाठी-वेटोळ्यांसकट बसते, थर जाड होतो. ०.५ मोलरने सुरुवात करा, १०० मिलीला २.९ ग्रॅम. प्रयोगशाळेचं सोडियम क्लोराइड घ्या, स्वयंपाकघरातल्या मिठात आयोडिन आणि मोकळं राहण्यासाठी इतर गोष्टी असतात.

जाता जाता, तुमचं पॉलीडॅडमॅक १ मिलिग्रॅम नाहीये. पाक २० टक्क्यांचा आहे, त्याचा ०.१ ग्रॅम घेतलात म्हणजे पॉलिमर फक्त ०.०२ ग्रॅम. ०.५ ग्रॅम घ्यायला हवा. यामुळे प्रयोग फसला असं मी म्हणणार नाही, पातळ द्रावणातही साखळ्या चिकटतात, पण रिपोर्टमध्ये चुकीचा आकडा जाईल.

हेअर ड्रायर बंद करा. थर ओलेच राहू द्या, प्रत्येक वेळी गरम हवेने सुकवलं की थेंबाच्या कडेला डाग राहतात. रीडिंग घ्यायचं तेवढ्याच वेळी सुकवा, गार हवेवर.

आता बघायचं कसं. क्वार्ट्झ मिळत नसेल तर मेथिलीन ब्लू वापरा, ते तुमच्या लॅबमध्ये नक्की असेल. हा रंग धनभारित आहे. पीएसएस वर असेल तर तो चिकटतो, पॉलीडॅडमॅक वर असेल तर जवळजवळ नाही. दोन पट्ट्या करा, एक १० जोडांची, दुसरी साडेदहाची म्हणजे वर पॉलीडॅडमॅक असलेली, दोन्ही पातळ मेथिलीन ब्लूमध्ये पाच मिनिटं बुडवा आणि धुवा. एक निळी आणि एक कोरी निघाली तर वरचा भार खरंच उलटतोय. हे साध्या काचेवर दिसतं, डोळ्यांनी दिसतं, आणि मंगळवारची वाट बघावी लागत नाही. मोजायचं असेल तर ६६५ च्या आसपास मोजा, तिथे काच आड येत नाही. फिल्म काचेच्या दोन्ही बाजूंना असते, म्हणून एका बाजूचा हिशेब लिहिताना आकडा निम्मा करा. रंगवलेली पट्टी पुढे वापरू नका.

पिरान्हा: करू नका. आमच्या जुन्या लॅबमध्ये कुणीतरी उरलेला पिरान्हा झाकण घट्ट लावून ठेवला होता. रात्री बाटली फुटली. आत कुणी नव्हतं हे नशीब. सकाळी छताच्या पत्र्यात काचेचे तुकडे रुतलेले मी पाहिलेत. आणि तुम्ही ॲसिटोनने पुसता. गरम सल्फ्युरिक ॲसिड आणि हायड्रोजन पेरॉक्साइडच्या मिश्रणात ॲसिटोनने ओली पट्टी घालणं म्हणजे स्फोटाला आमंत्रण. सीनियर जवळ उभे राहणार असतील, फ्यूम हूड चालू असेल, तरीही तुमच्या कामाला त्याची गरज नाही. चांगला साबण, भरपूर पाणी, मग अल्कोहोलमधला पोटॅशियम हायड्रॉक्साइड, पुन्हा भरपूर पाणी. हातमोजे आणि चष्मा यालाही लागतातच. काच साफ झाली की पाण्याचा पापुद्रा तिच्यावर अखंड पसरतो. थेंब थेंब तुटला तर पुन्हा धुवा.

रिपोर्टमध्ये विटांच्या भिंतीसारखे सरळ थर काढू नका, एवढी विनंती. १९६६ साली ड्यूपाँटच्या राल्फ आयलरने धन आणि ऋण कणांचे थर आलटून पालटून बसवले होते, पण ते काम पडून राहिलं. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मनीत गेरो डेशर आणि हाँग यांनी पॉलिमरने ते पुन्हा उभं केलं. १९९७ साली 'सायन्स'मध्ये डेशरने जो लेख लिहिला त्यात थर एकमेकांत शिरलेले, धूसर कडांचे असतात हाच मुद्दा आहे. ओल्या शेवयांवर ओल्या शेवया टाकल्यासारखे. तुमचा परीक्षक वाचलेला असेल तर तो हेच विचारेल.


पंचगंगाकाठ

ओलीकाच यांनी जवळपास सगळं सांगितलं. मी कोल्हापूरचा, आमच्या बाजूची एक गोष्ट जोडतो, कारण तुम्ही इचलकरंजीचे आहात आणि हे तुमच्या दाराशी आहे.

थर बुडवून बसवण्याचं दुसरं घराणं म्हणजे सिलार. निकोलाऊ यांनी १९८५ मध्ये ते मांडलं आणि शिवाजी विद्यापीठात लोखंडे सरांच्या गटाने त्यावर वर्षानुवर्षं काम केलं. पठाण आणि लोखंडे यांचा २००४ चा मोठा आढावा 'बुलेटिन ऑफ मटेरियल्स सायन्स'मध्ये आहे, तो जरूर वाचा. इथे पॉलिमर नाही. आधी कॅडमियमचे धन आयन, धुणं, मग सल्फाइडचे ऋण आयन, धुणं, आणि काचेवर कॅडमियम सल्फाइड तयार. दर फेरीला काच पिवळी होत जाते. निर्वात पंप नाही, भट्टी नाही, चार बीकर आणि घड्याळ. आपल्याकडच्या विभागांना मोठी यंत्रं परवडत नव्हती तेव्हा या चार बीकरांवर कित्येकांच्या पीएचड्या उभ्या राहिल्या, याचा मला फार अभिमान वाटतो.

मी हे सांगतोय ते धुण्यासाठी. सिलारमध्ये धुणं कमी पडलं की सल्फाइड काचेवर बनण्याऐवजी द्रावणातच बनतं, बीकर गढूळ होतो आणि फिल्म भुकटीसारखी निघते. तुमच्या सायीचीच सख्खी बहीण. उलट धुणं फार लांबवलं तर चिकटलेले आयनही निघून जातात आणि जाडी वाढत नाही. तुमच्या पॉलिमरला ही दुसरी भीती फारशी नाही, एकेक साखळी शेकडो जागी धरून बसलेली असते. त्यामुळे बिनधास्त धुवा.

पाणी कुठलं वापरता? डिस्टिल्ड म्हणालात, पण ते साठवता कशात? आमच्याकडे एकदा महिनाभर फिल्म डागाळत होती. शेवटी सापडलं की कॅन रात्री नळाच्या पाण्याने विसळून ठेवला जायचा.


इचलकरंजीकर_२३

तीन आठवड्यांनी लिहितोय, आधी मनापासून आभार.

बाबा इचलकरंजीत एका प्रोसेस हाऊसमध्ये जिगरवर, म्हणजे कापड रंगवायच्या यंत्रावर आहेत. ओलीकाच ताईंची पोस्ट मी त्यांना जेवताना वाचून दाखवली. मिठाचा भाग आला तसे ते म्हणाले, "मीठ टाकल्याशिवाय सुतावर रंग चढतोय होय?" त्यांच्याकडे पोतीच्या पोती मीठ लागतं. लहानपणापासून ती पोती बघत आलोय आणि माझ्या बीकरमध्ये मीठ नव्हतं. धुण्याचं ऐकल्यावर म्हणाले, रंगाचा माल तीन पाण्यांतून काढतात, एकाच हौदात नाही.

आता काय झालं ते. सहा बीकर केले, बाबांनी त्यासाठी पत्र्याचा स्टँड वाकवून दिला, एका वेळी चार पट्ट्या लटकतात. ०.५ मोलर मीठ. पाक ०.५ ग्रॅम. काच पोटॅशियम हायड्रॉक्साइडने. पाण्याचा कॅन बदलला, कारण पंचगंगाकाठ दादा म्हणाले तेच आमच्याकडेही चालू होतं, आणि आमचं बोअरचं पाणी इतकं जड आहे की बादलीला पांढरा थर धरतो.

पहिल्या रात्री मेथिलीन ब्लू केलं. १० जोडांची पट्टी निळी, साडेदहाची जवळजवळ कोरी. मी दोन्ही खिडकीला धरून कितीतरी वेळ बघत बसलो. ५, १०, १५, २० जोडांच्या पट्ट्या रंगवल्या तर निळा गडद होत जातो, ६६५ चे आकडेही चढते आहेत. साय नाही. २० व्या जोडालाही काच स्वच्छ.

सोनं सरांनी दुसऱ्या विभागाकडून थोडं मिळवून दिलं. अरुंद नळी, झाकण, रात्रभर. पहिल्या थराला ५२४ नॅनोमीटरला शोषण ०.११, मधे पॉलीडॅडमॅक देऊन दुसऱ्याला ०.२३, तिसऱ्याला ०.३६. नळीतलं सोनं अजून लाल आहे. पण तिसऱ्या थरानंतर काच लालपेक्षा जांभळट दिसायला लागली आणि शोषणाचं शिखर ५४१ ला सरकलं. पुन्हा काही बिघडतंय का?


ओलीकाच

नाही बिघडत. द्रावण जांभळं पडणं आणि काच जांभळट होणं यात फरक आहे. काचेवर कण आता दाटीने बसलेत, वरच्या थरातले खालच्यांच्या जवळ आलेत, म्हणून शिखर सरकतं. ते सरकणंच तुमचं निरीक्षण आहे, रिपोर्टमध्ये त्याला स्वतंत्र आलेख द्या. सरकणं कमी करून बघायचं असेल तर दोन सोन्यांच्या मधे एका पॉलीडॅडमॅकऐवजी पॉलीडॅडमॅक, पीएसएस, पॉलीडॅडमॅक असे तीन थर द्या, मग पाच द्या, मग सात. कणांमधलं अंतर वाढत जाईल तसं शिखर मागे येतं का ते बघा. हेच प्रोजेक्टचं शेवटचं प्रकरण होईल.

बाबांच्या मिठाबद्दल एक बारीक फरक, तोंडी परीक्षेत उपयोगी पडेल. सुतावर आणि रंगावर दोन्हीकडे ऋणभार असतो, मीठ त्यांच्यातलं ढकलणं कमी करतं म्हणून रंग सुतापर्यंत पोचतो. तुमच्याकडे काच आणि साखळी एकमेकांना ओढतच असतात, मीठ साखळीच्या स्वतःच्या अंगातलं ढकलणं कमी करतं. मूळ कारण एकच, भार झाकला जाणं, पण काम वेगळं. त्या स्टँडचा फोटो मात्र रिपोर्टमध्ये घाला, आणि खाली बाबांचं नाव.


इचलकरंजीकर_२३

घालतो ताई. तीन थरांच्या अंतराच्या चार पट्ट्या आत्ता नळ्यांमध्ये आहेत. सकाळी सहाला काढायच्या.